शिफारशीचं टेबल

माझं काम होतं लोकांना एक शूर माणूस निवडायला लावायचं. शनिवार-रविवार, दुपारी, सिंगापुरातल्या एका लहानशा खाजगी संग्रहालयात. तिथला एसी इतका गार असायचा की बाहेर घाम पुसत आलेली माणसं आत आल्यावर पाच मिनिटांत हात चोळायला लागायची. मी बारा महिने स्वेटर घालून जायचे.

बुकित पंजांगला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू आईला विचारायच्या, "रुता नक्की करते काय गं?" आई सांगायची, "म्युझियममध्ये असते." त्यापुढचं तिलाही ठाऊक नसायचं, कारण मी घरी फार बोलत नसे. बाहेर तर त्याहून कमी. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीवर लिही, असं संपादक काका म्हणाले तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. माझी शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी; मराठी आहे ती स्वयंपाकघरातली. पण या नोकरीतली एक गोष्ट मी इंग्रजीत दोन-तीनदा सांगून पाहिली आणि ऐकणाऱ्यांना तिच्यातली गंमत कळलीच नाही. ती मराठीतच सांगावी लागणार. ते संग्रहालय आता नाही, त्या जागेत सोफे विकतात. तेव्हा सांगायला हरकत नाही.

आधी काम समजावून सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजांनी वरच्या ब्रह्मदेशात मोहीम काढली. मुंबई इलाख्याच्या पलटणीही तिकडे गेल्या होत्या. चकमक संपली, जखमी हलवले, की मागून एक शांत, बैठं काम सुरू व्हायचं. शौर्यासाठी कुणाची शिफारस करायची ते ठरवण्याचं. व्हिक्टोरिया क्रॉस तेव्हा हिंदी शिपायांना मिळत नसे. त्यांच्यासाठी ऑर्डर ऑफ मेरिट नावाचं पदक होतं, आणि त्याच्यासोबत पगारात वाढ. पण नुसतं शूर असून भागत नसे. कुणीतरी ते डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागे. साक्षी होत. मग साहेब शिफारस लिहिणार, ती वर जाणार, वरचे साहेब ती त्यांच्या वरच्यांकडे पाठवणार, आणि कुठेतरी कुणीतरी हो किंवा नाही म्हणणार.

आमच्या संग्रहालयानं याचा खेळ केला होता. हिरवं कापड घातलेलं लांब टेबल, पाच खुर्च्या. आलेल्यांपैकी पाच जण साहेब व्हायचे. सगळ्यांत वयस्कर असेल तो अध्यक्ष, सगळ्यांत लहान असेल त्यानं शेवटी शिफारस मोठ्यानं वाचायची. त्यांच्यासमोर एक कागद असे. त्यावर जुन्या नोंदींतून घेतलेल्या चार माणसांची माहिती: एक जमादार, दोन शिपाई, एक बिगुलवाला. बांबूच्या तटबंदीवरचा हल्ला सकाळी झालेला आहे. चौघंही शूर आहेत. शिफारस एकाचीच करता येईल. एक साक्षीदार आत येतो. त्याला हवं ते विचारा. साहेबांना शिपायाची भाषा येत नाही, म्हणून मध्ये दुभाषी. ती मी.

हे काम मला कसं मिळालं, तर आमच्या प्रमुख मिस च्युआ यांनी मुलाखतीत विचारलं, "तू इंडियन बोलतेस?" मी हो म्हटलं. दुसऱ्याचं बोलणं आपण बोलायचं असेल तर मला लाजायला होत नाही, हा शोध मला तिथे लागला.

माणसं तऱ्हेतऱ्हेची यायची. एका बँकेच्या मॅनेजर लोकांनी चौघांच्या धैर्याला दहापैकी मार्क दिले, सरासरी काढली आणि बरोबरी झाल्यावर बिगुलवाल्याचा अनुभव कमी पडतो म्हणून त्याला पुढच्या वर्षी बघू असं ठरवलं. शाळेतल्या मुलींचा एक गट त्याच बिगुलवाल्यावर फिदा झाला, कारण चित्रात तो देखणा होता. पण त्यांनी लिहिलेली शिफारस इतकी सुंदर होती की मिस च्युआंनी ती भिंतीवर लावली. एक निवृत्त टॅक्सीवाले अंकल दर महिन्याला एकटे येत. त्यांनी पहिल्यांदा जमादाराची शिफारस केली, मग एका शिपायाची, मग दुसऱ्याची. "गेल्या वेळी याला नाही मिळालं, फेअर नाही ला," असं, शेवटी सिंगापुरी 'ला' जोडत, इतर साहेबांना पटवत. चौघांचं झाल्यावर ते यायचे थांबले.

आता सेल्वम. साक्षीदार तो. पॉलिटेक्निकमध्ये शिकणारा तमिळ मुलगा, नाटकाचं वेड. मुंबई इलाख्याचा शिपाई मराठीच बोलणार, असा मिस च्युआंचा आग्रह होता, म्हणून मी त्याची वाक्यं रोमन लिपीत लिहून दिली. "मी त्याला खंदक ओलांडताना पाहिलं, साहेब." "गोळ्या पावसासारख्या येत होत्या." अशी. आणि काही अडलं तर "होय, साहेब" म्हणायचं. सेल्वमचा आवाज भारदस्त, डोळे दुःखी. पाठांतर मात्र कच्चं.

एका शनिवारी तो मधेच अडकला. गप्प बसला असता तर बरं. पण त्यानं डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि कळवळून म्हणाला, "कोथिंबीर आण. नसली तर कढीपत्ता."

मी भांडारखोलीतून आईशी फोनवर बोलायचे ते त्याच्या कानावर पडत असे. नाद आवडला म्हणून ते वाक्य त्याच्या डोक्यात राहिलेलं. समोर पाच चिनी आजी-आजोबा पेन सरसावून बसलेले. माझ्या तोंडून इंग्रजीत आलं, "तो म्हणतो, धूर इतका होता की पुढचं माणूस दिसत नव्हतं." आजोबांनी लिहून घेतलं.

नंतर मी त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "तू इतकं छान ट्रान्सलेट केलंस, मला वाटलं बरोबरच असेल."

तेव्हापासून ते सुरूच झालं. वाक्य विसरलं की सेल्वम आमच्या घरच्या गप्पांतलं काहीतरी टाकायचा आणि मी चेहरा न हलवता युद्ध चालू ठेवायचे. मिस च्युआ म्हणायच्या, सेल्वमच्या भाषेत किती वेदना आहे. लिटिल इंडियातल्या मिठाईच्या रांगेत कुणी मराठी बोललं तरी मी दुसरीकडे बघणारी मुलगी; पण त्या टेबलापाशी मला फार मजा यायची.

मग एक दिवस संग्रहालयात फोन आला. "मी प्रशांत वाघमारे बोलतोय, बुकित बातोकहून. तुमच्याकडे तो शिफारशीचा कार्यक्रम असतो ना? तुम्ही मराठी आहात असं मंडळात कळलं."

ते इंजिनियर होते. त्यांचे वडील, आबा, महाडहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि येत्या सोमवारी परत जाणार होते. आबांचे आजोबा मुंबईच्या पलटणीत होते, ब्रह्मदेशात लढलेले. नाव सोननाक. महार शिपायांच्या नावांपुढे तेव्हा असं 'नाक' लागत असे. तटबंदीवरचा हल्ला फसून सगळे मागे आले तेव्हा हे परत गेले आणि जखमी गड्याला पाठीवर घेऊन आले, ही घरातली गोष्ट. ज्या साहेबानं ते पाहिलं तो त्याच आठवड्यात तापानं गेला. दुसऱ्या कुणा साहेबानं पाहिलेलं नव्हतं. शिफारस झालीच नाही.

"बाबांची एकच इच्छा आहे," ते म्हणाले. "साहेब लोकांच्या टेबलापुढे ते नाव एकदा निघावं. खेळातलं का असेना. जमेल?"

मी म्हटलं, "बघते." आमच्या घरात 'बघते' म्हणजे नाही.

मिस च्युआंना विचारलं. त्यांनी विचारलं, "काही नोंद आहे?" मी नाही म्हटलं. "मग नाही. उद्या प्रत्येक जण आपले आजोबा घेऊन येईल. कुणाचे आजोबा शूर नसतात?" त्यांचं चूक नव्हतं. आमच्या कागदावरचे चौघं नोंदींतले होते, म्हणून तर त्या खेळाला किंमत होती. मी वाघमाऱ्यांना तसं कळवलं. उत्तर आलं नाही.

रविवारी ते आले. प्रशांत, त्यांची शाळेत जाणारी मुलगी सानिका आणि आबा. आबांनी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घातला होता आणि बूट चमकत होते. त्यांनी हात जोडून "जय भीम" म्हटलं. मी सवयीनं "नमस्कार" म्हटलं आणि मग घाईघाईनं "जय भीम"ही.

"दोन्ही चालतं, पोरी," ते हसून म्हणाले.

प्रशांतनी मला बाजूला घेतलं. "मी फोन करायच्या आधीच बाबांना सांगून बसलो होतो हो. नाव घेणार आहेत म्हणून. मग सांगायचा धीरच झाला नाही. तुम्ही सांगता?"

माझा चेहरा बघून त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. मला लांबून आबांचा चेहरा दिसत होता. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "कागद नाही म्हणतात? कागद असता तर पदकच असतं की." थोडं थांबून, "पुढं आमची भरतीच थांबवली. विचारणार तरी कोण. चल, आलोय तर बघू."

पाच साहेब जमले: आबा, प्रशांत, सानिका, आणि मिसेस लिम नावाच्या निवृत्त शिक्षिका त्यांच्या नवऱ्याबरोबर. वयानं आबा मोठे. सानिकानं मधली खुर्ची ओढली. "आजोबा, सिट हिअर ला. यू आर द बॉस."

मी पळत जाऊन सेल्वमला गाठलं. "आज तीन जणांना मराठी येतं. खरी वाक्यं. फक्त खरी." हे सांगायला नको होतं. एरवी तो निम्मी विसरायचा, त्या दिवशी भीतीनं सगळी विसरला.

तो आत आला, सलाम ठोकला. आबांकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. मग तेच डोळे, तोच छातीवरचा हात.

"कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर."

प्रशांत छताकडे बघायला लागले. सानिका म्हणाली, "पपा, ही सेड कुकर." प्रशांत म्हणाले, "शू." आणि माझी जीभ, तिला थांबायचं सुचलंच नाही, इंग्रजीत म्हणाली, "तो म्हणतो, तो माणूस गोळीबारात तीनदा परत गेला."

"तीनदा," मिसेस लिम लिहिता लिहिता पुटपुटल्या.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. आयुष्यभर रेल्वेच्या कारखान्यात माणसं हाताळलेला माणूस. मला वाटलं आता उठतील आणि निघून जातील, आणि जावंच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"का रे," त्यांनी सेल्वमला मराठीत विचारलं, "त्या शिट्ट्या झाल्या तेव्हा तू स्वतः हजर होतास?"

"होय, साहेब."

"आपल्या कानांनी ऐकल्यास?"

"होय, साहेब."

"आणि गॅस कुणी बंद केला?"

सेल्वम जरा घुटमळला. "होय, साहेब."

"साक्ष पक्की आहे," आबा मला म्हणाले. "सांग त्यांना."

मी सांगितलं, की अध्यक्षांच्या मते साक्षीदार विश्वासार्ह आहे. मिस्टर लिम यांनी मान डोलावली. प्रशांत रुमालात खोकत होते आणि खोकला थांबत नव्हता. माझ्या पोटात हसू इतकं दाटलं होतं की मी स्वेटरची बाही चावली.

मग आबा पुढे झुकले. आवाज तोच होता, पण हात टेबलावर सपाट ठेवले होते.

"आता नीट ऐक. त्या दिवशी तट काही पडला नाही. बिगूल झाला, सगळे मागं फिरले. खंदकात बांबूचे खुंटे होते, टोकदार. बरोबर?"

"होय, साहेब."

मी भाषांतर केलं. यात चुकीचं काही नव्हतं, असे खुंटे आमच्या कागदावरही होते.

"एक गडी आत राहिला होता. पायात खुंटा गेलेला. तो कुठल्या जातीचा, ते आमच्या घरात कुणी कधी सांगितलं नाही. गडी होता. त्याला आणायला एक शिपाई परत गेला. नाव सोननाक. तू पाहिलंस?"

"होय, साहेब," सेल्वम म्हणाला. त्याला शब्द कळत नव्हते, पण तो आता नाटक करत नव्हता. आबांकडे बघत ताठ उभा होता.

सगळे माझ्याकडे बघत होते. दाराशी मिस च्युआ हाताची घडी घालून उभ्या होत्या. कधी आल्या कुणास ठाऊक. मला नुसतं एवढं म्हणून सुटता आलं असतं, की साक्षीदार यादीतल्या दुसऱ्या शिपायाबद्दल बोलतोय. एक वाक्य. मी याहून मोठमोठी वाक्यं रचली होती, कोथिंबिरीतून. आबांना इंग्रजी समजत होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी जसंच्या तसं भाषांतर केलं. खुंटा, गडी, जात, नाव, सगळं. नाव दोनदा घेतलं.

मिसेस लिम यांनी कागद उलटसुलट केला. "हा माणूस यादीत नाही ला."

"नाही," मी म्हटलं.

"मग खरं काय झालं त्याचं?"

हे सांगणं माझंच काम होतं. प्रत्येक खेळाच्या शेवटी चौघांचं काय झालं ते मी पाठ केलेलं सांगायचे. हे पाठ नव्हतं. मी मिस च्युआंकडे न बघता सांगितलं. याची आमच्याकडे नोंद नाही. अध्यक्षांच्या घरी ही गोष्ट सांगतात, तो त्यांचा आजोबा. ज्या साहेबानं पाहिलं तो शिफारस लिहिण्याआधी तापानं वारला. शिफारस कधी लिहिलीच गेली नाही.



मिस्टर लिम घसा साफ करत म्हणाले, की नात्यातल्या माणसानं निकाल देणं योग्य नव्हे. आबांनी लगेच मान हलवली. "बरोबर बोलतात. मी मत देत नाही. प्रशांत, तूही नाही. सानिका फक्त वाचेल." मी ते सांगितलं. म्हणजे उरले लिम पती-पत्नी.

"दोघंच," मिस्टर लिम म्हणाले. "घरी पण असंच असतं. म्हणजे ती ठरवते."

मिसेस लिम यांनी पेनाचं टोपण काढलं. "साहेब मेला म्हणून पेपर नाही. आता आपण साहेब ना? मग लिहू या ला. सिंपल."

त्यांनी लिहिलं. शिक्षिकेचं वळणदार अक्षर. मध्ये मला दोनदा थांबवून विचारलं, तो पाठीवर घेऊन आला की खांद्यावर. मी आबांना विचारलं. आबा म्हणाले, "पाठीवर. आणि वाटेत त्याला हसवत आणलं, असं आजी सांगायची. लिहितील का हे?" मी सांगितलं. त्यांनी तेही लिहिलं.

मी दाराकडे पाहिलं. मिस च्युआ तिथेच होत्या. त्यांनी घड्याळ दाखवलं नाही, काही खूण केली नाही. पुढच्या गटाला बाहेरच थांबवून ठेवलं होतं, हे मला मागाहून कळलं.

सानिका कागद घेऊन उभी राहिली. तिनं तो आधी मनात वाचला, ओठ हलवत, मग मोठ्यानं. शब्द मिसेस लिमचे, उच्चार सिंगापूरच्या शाळेतले. नावापाशी आल्यावर तिनं आजोबांकडे पाहिलं, त्यांनी हलकेच म्हणून दाखवलं, आणि तिनं ते अगदी बरोबर म्हटलं. सोननाक.

अध्यक्षांनी बसून ऐकायचं असतं. आबा उभे राहिले. हात बाजूला, मान सरळ. ते बघून मिसेस लिमना वाटलं तसा नियमच असावा, त्या घाईनं उठल्या आणि नवऱ्याला कोपर मारलं. प्रशांत उठले. सेल्वम उभाच होता, त्यानं सलाम ठोकला. मी दुभाषी, मी नेहमी उभीच असायचे, पण मी स्वेटरच्या बाह्यांतून हात बाहेर काढले.

वाचून झाल्यावर आबांनी तो कागद मागितला नाही. मिसेस लिमनीच घडी घालून त्यांच्या हातात दिला. ते त्यांना इंग्रजीत "थँक यू, मॅडम" म्हणाले आणि मला मराठीत, "चहा कुठं मिळेल गं इथं? या सगळ्यांना पाजायचाय." खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, आम्ही सगळे गेलो, सेल्वम गणवेशातच. तिथे आबांनी त्याला शिट्ट्या किती झाल्या हे अजून दोनदा विचारलं.

सोमवारी मिस च्युआंनी मला बोलावलं. सोननाकचं नाव कागदावर येणार नाही, हे त्यांनी आधी स्पष्ट केलं, आणि ते कधी आलंही नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं, आणि त्यांचं बरोबर होतं हेही कळतं. सेल्वमला त्यांनी वाक्यं नीट पाठ करायला लावली. मग त्यांनी खेळाच्या नियमांचा तक्ता काढला आणि शेवटी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: शिफारस वाचली जात असताना सर्वांनी उभं राहावं.

दार कायमचं बंद होईपर्यंत ती ओळ तिथे होती. बँकेतली माणसं कोटाची बटणं लावत उभी राहायची, शाळेच्या मुली खुर्च्या खरडत उठायच्या. हे का करायचं, असं एकदाही कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.